रोबो घोकतो, की पाहतो?

२०१९ सालच्या डिसेंबरात एका आंतरशालेय रोबो स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. एका गटाचा रोबो टेबलाच्या कोपऱ्यातून निघाला, सरळ गेला, डौलात उजवीकडे वळला, पुन्हा सरळ गेला आणि जी छोटी पेटी त्याने उचलायची होती तिच्या शेजारून, दोन बोटे अंतर ठेवून, निघून गेला. पुढे मोकळ्या जागेत थांबून त्याने आपला हात खाली केला, वर उचलला, म्हणजे पेटी उचलल्याचा अभिनय अगदी साग्रसंगीत पार पाडला आणि रिकाम्या हाताने तो परत फिरला. प्रेक्षकांत हशा पिकला. गटातील नववीतली एक मुलगी मात्र रडवेली झाली. "मॅडम, शाळेत रोज बरोबर जायचा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने मी तिला विचारले, "पेटी कुठे आहे हे तुमच्या रोबोला कसे कळते?"

ती क्षणभर थांबली. "त्याला नाही कळत, मॅडम. आम्हाला माहीत असतं. आम्ही त्याला चाकाचे फेरे मोजून सांगतो."

पुढच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट कळली. या मुलांनी सुरुवातीला जो प्रोग्रॅम लिहिला होता त्यात रोबो जमिनीवरची काळी रेघ पाहत पाहत पेटीपर्यंत जात असे. पण तो हळू चाले, वेळ पुरत नसे. म्हणून स्पर्धेच्या दोन आठवडे आधी, मार्गदर्शक सरांच्या सांगण्यावरून, रेघ पाहणारा सेन्सर काढून टाकला गेला आणि त्याच्या जागी मोजलेले फेरे आले. गुणांच्या दृष्टीने पाहिले तर सरांचा सल्ला चुकीचा नव्हता. नेमकी हीच गोष्ट मला खटकली, आणि हा लेख त्याविषयी आहे. शालेय रोबो स्पर्धा मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतात असे आपण म्हणतो. पण या स्पर्धांचे नियम कोणत्या प्रकारच्या प्रोग्रॅमला बक्षीस देतात, हे आपण तपासून पाहिले आहे का?

दोन प्रकारचे प्रोग्रॅम

'यंत्रमानव' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर माणसासारखे दोन हात, दोन पाय असलेले यंत्र येते. शालेय स्पर्धेतील रोबो तसा नसतो. दोन मोटरींवर चालणारी, वीतभर लांबीची ती एक गाडी असते. तिच्या पोटात छोटा संगणक असतो, आणि मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम त्याला काय करायचे ते सांगतो. एकदा बटण दाबले की मुलांनी हात मागे घ्यायचा. पुढचे सारे गाडीने स्वतः करायचे.

हा प्रोग्रॅम दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात आपण गाडीला सांगतो : इतके फेरे पुढे जा, इतके वळ, पुन्हा इतके फेरे पुढे जा, हात खाली कर. दुसऱ्या प्रकारात आपण सांगतो : काळी रेघ दिसेपर्यंत पुढे जा, भिंत हाताला लागली की थांब, समोर वस्तू आहे का ते पाहा, असेल तर उचल, नसेल तर शोध. पहिल्या प्रकारातील गाडी पाठ केलेला रस्ता म्हणून दाखवते. दुसऱ्या प्रकारातील गाडी रस्त्याला प्रश्न विचारत जाते. घोकंपट्टी आणि समज यांतील फरक शिक्षकांना मी वेगळा सांगायला नको.

फेऱ्यांचे गणित

पहिला प्रकार बिनडोक आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यात चांगले गणित आहे. लेगोच्या शालेय संचांतील नेहमीच्या चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर असतो. म्हणजे परीघ सुमारे १७.६ सेंटिमीटर. एक मीटर जायचे तर चाकाचे सुमारे ५.६८ फेरे लागतील. सातवी-आठवीच्या मुलांना पाय (π) हा आकडा पहिल्यांदाच इतका उपयोगी पडताना दिसतो.

आता वळण पाहू. समजा दोन चाकांत १२ सेंटिमीटर अंतर आहे. गाडीला जागच्या जागी काटकोनात वळवायचे तर एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवायचे. प्रत्येक चाकाने १२ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा चौथा भाग, म्हणजे सुमारे ९.४ सेंटिमीटर, चालायचे. त्यासाठी चाक सुमारे १९३ अंशांतून फिरले पाहिजे. इथवर सारे कागदावर बरोबर आहे.

पण दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असते. टायरवर धूळ बसते. टेबलावरच्या चटईला एखादी सुरकुती असते. समजा या साऱ्यामुळे चाके १९३ ऐवजी १८८ अंशच फिरली, फक्त पाच अंशांची चूक. मग गाडी ९० अंशांऐवजी सुमारे ८७.७ अंशांतून वळेल. हा सव्वादोन अंशांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण त्या दिशेने एक मीटर पुढे गेल्यावर गाडी चार सेंटिमीटर बाजूला पोचलेली असते. दोन बोटे! त्या मुलीची पेटी इतक्याच अंतराने हुकली होती.

खरी मेख पुढेच आहे. ही चूक वाढत जाते. दुसऱ्या वळणावर नवी चूक पहिलीत मिसळते, तिसऱ्या वळणावर आणखी एक. सुरुवातीला मुलांनी गाडी हाताने ठेवताना एक अंश तिरकी ठेवली, तर दर मीटरला पावणेदोन सेंटिमीटरची भर पडते. आणि आपण चुकलो आहोत हे गाडीला शेवटपर्यंत कळत नाही, कारण कळण्याची सोयच प्रोग्रॅममध्ये नाही. म्हणून तर ती रिकाम्या जागेत इतक्या आत्मविश्वासाने हात खालीवर करते.

विचारणारा प्रोग्रॅम

आता रेघ पाहत जाणारी गाडी घ्या. तिच्या तळाशी असलेला सेन्सर जमिनीवर प्रकाश टाकतो आणि परत येणारा प्रकाश मोजतो. समजा पांढऱ्या भागावर त्याचा आकडा ८० येतो आणि काळ्या रेघेवर १०. मधला आकडा झाला ४५. गाडीने रेघेच्या मधून न चालता रेघेच्या काठावरून चालायचे, म्हणजे आकडा ४५ च्या जवळ ठेवायचा. आकडा ६० आला तर गाडी पांढऱ्याकडे सरकली आहे, तिला थोडे काळ्याकडे वळवा. ३० आला तर उलट. फरक मोठा असेल तर जास्त वळवा, लहान असेल तर कमी. हे काम प्रोग्रॅम सेकंदाला कित्येक वेळा करतो.

'किती वळवायचे' हे ठरवण्यासाठी त्या फरकाला एका संख्येने गुणावे लागते. ती संख्या फार मोठी घेतली तर गाडी नव्याने सायकल शिकणाऱ्या मुलासारखी डावी-उजवीकडे झोकांड्या खाते. फार लहान घेतली तर वळणावर रेघ सुटते. योग्य संख्या मुलांना करून पाहूनच सापडते. सायकलचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. हँडल कोणत्या क्षणी किती अंश वळवायचे हे पाठ करून कोणी सायकल चालवत नाही. आपण तोल जातोय का ते सतत पाहतो आणि सतत दुरुस्त करतो. यालाच अभियंते फीडबॅक म्हणतात. आपल्या शरीराचे तापमान, फ्रिजची थंडी, विमानाची दिशा, सारे याच तत्त्वावर चालते. विसाव्या शतकातील तंत्रज्ञानाच्या मोठ्या कल्पनांपैकी ही एक आहे, आणि शाळकरी मुलाला ती हाताने अनुभवता येईल अशी साधने फार थोडी आहेत. रोबो हे त्यांतले एक.

ही कल्पना समजायला मोठा संगणक लागत नाही. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये कासवासारखी दिसणारी दोन यंत्रे बनवली होती. प्रत्येकाच्या मेंदूत दोनच इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह होते, एक सेन्सर प्रकाशासाठी आणि एक स्पर्शासाठी. त्यांना खोलीचा नकाशा ठाऊक नव्हता, फेऱ्यांची संख्या दिलेली नव्हती. तरी ती अडथळ्यांना वळसा घालून दिव्याकडे पोचत. ७० वर्षांनंतर, त्याहून कितीतरी पट शक्तिशाली संगणक पोटात असलेली आमची गाडी रिकाम्या जागेतून पेटी उचलत होती.

नियम काय शिकवतात?

जगभर सर्वांत जास्त पसरलेल्या शालेय रोबो स्पर्धांपैकी एक म्हणजे फर्स्ट लेगो लीग. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली 'फर्स्ट' ही अमेरिकी संस्था आणि लेगो कंपनी यांनी ती १९९८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. भारतातही ती होते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून मी २०२४-२५ च्या हंगामातले, 'सबमर्ज्ड' या सागरविषयक स्पर्धेतले, नियम समोर ठेवून बोलते. सुमारे २.३६ मीटर लांब आणि १.१४ मीटर रुंद टेबलावर अंथरलेल्या चटईवर निरनिराळी कामे मांडलेली असतात. रोबोला अडीच मिनिटे मिळतात. अशा तीन फेऱ्या होतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या फेरीचे गुण धरले जातात.

या स्पर्धेचे ऋण मान्य केलेच पाहिजे. रोबोच्या खेळाला एकूण मूल्यमापनात फक्त चौथा हिस्सा असतो. रोबोची रचना, मुलांचा संशोधन प्रकल्प आणि त्यांचे एकमेकांशी वागणे या तीन गोष्टींना तेवढेच वजन दिले जाते. परीक्षक मुलांना समोर बसवून प्रोग्रॅम समजावून सांगायला लावतात. हे उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती टेबलावरच्या खेळाविषयी, कारण पालक, प्रेक्षक आणि मुले स्वतः लक्षात ठेवतात ते त्याचेच गुण.

तक्रारी दोन. पहिली : कामांच्या जागा जवळजवळ सर्व आधीच ठरलेल्या असतात आणि हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर होतात. मुलांना तीच चटई महिनोन् महिने मिळते. जग बदलतच नसेल तर त्याला प्रश्न विचारण्यात वेळ कोण घालवील? प्रश्नपत्रिका आधी हाती असेल तर उत्तरे पाठ करणेच शहाणपणाचे.

दुसरी तक्रार हिशेबाची आहे. तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली धरायची, याचा परिणाम काय होतो? समजा एका गटाचा रोबो एखादे काम दर दोन प्रयत्नांत सरासरी एकदाच करतो. तिन्ही वेळा फसण्याची शक्यता आठात एक. म्हणजे किमान एकदा जमण्याची शक्यता ८७.५ टक्के! दुसऱ्या गटाचा रोबो तेच काम दहांत नऊ वेळा करतो. त्याची किमान एकदा जमण्याची शक्यता ९९.९ टक्के. एक रोबो नाणेफेकीइतकाच भरवशाचा, दुसरा खरोखर भरवशाचा, पण गुणतक्त्यात दोघांतले अंतर अगदी थोडे उरते. याऐवजी 'तिन्ही वेळा जमले पाहिजे' असा नियम केला तर पहिल्याची शक्यता १२.५ टक्क्यांवर येते आणि दुसऱ्याची सुमारे ७३ टक्के राहते. नियमातला एक शब्द बदलला की कष्टाचे मोल कसे बदलते ते पाहा. मुलाला बिचकू नये म्हणून चांगली फेरी धरण्यामागचा हेतू दयाळू आहे, हे मला समजते. पण ज्या मुलाने विश्वासार्हतेसाठी कष्ट घेतले त्याच्यावर त्यात थोडा अन्याय होतो.

नियम वेगळे असू शकतात याचा पुरावाही आहे. २००४ मध्ये सिंगापूरला सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या वर्ल्ड रोबो ऑलिंपियाडमध्ये काही वस्तूंच्या जागा प्रत्येक फेरीच्या आधी, रोबो जमा करून घेतल्यानंतर, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलल्या जातात. स्पर्धेच्या दिवशी ऐनवेळचा एखादा नियम जाहीर करण्याची पद्धतही तेथे आहे, आणि त्या वेळी मार्गदर्शक शिक्षक मुलांच्या जवळ नसतात. लाल ठोकळा कुठे आहे हे रोबोने पाहूनच ठरवायचे. येथेही मुले बराचसा रस्ता फेरे मोजूनच काटतात, हे खरे. पण प्रोग्रॅममध्ये एक तरी 'जर-तर' जिवंत राहते.

दुसरी बाजू

यावर अनुभवी मार्गदर्शक म्हणतील, "मॅडम, सेन्सरसुद्धा फसवतात." अगदी खरे. शाळेतल्या ट्यूबलाइटखाली ठरवलेला ४५ चा आकडा सभागृहाच्या खिडकीतून ऊन आले की निरुपयोगी ठरतो. वळण मोजणारा जायरो सेन्सर सुरू होताना गाडी जरा हलली तरी त्याचा आकडा आपोआप सरकू लागतो. पण यातून निघणारा निष्कर्ष 'सेन्सर काढून टाका' हा नाही. प्रत्येक मोजमापात चूक असते आणि ती किती आहे हे जाणून घ्यावे लागते, हा तो निष्कर्ष. उन्हावर उपाय सोपा आहे. स्पर्धेच्या जागी रोबोला आधी पांढरे दाखवा, मग काळे दाखवा आणि मधला आकडा त्याचा त्यालाच काढू द्या. प्रयोगशाळेत आम्ही तराजू वापरण्याआधी तो शून्यावर आणतो, तेच हे.

आणि पाहण्यासाठी दर वेळी महागडा सेन्सर लागतोच असे नाही. काही मुले गाडी मागे नेऊन टेबलाच्या कडेच्या फळीवर हलकेच टेकवतात. दोन्ही चाके टेकली की गाडी आपोआप सरळ होते आणि तोवर साठलेली तिरकेपणाची चूक पुसली जाते. ही युक्ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनापासून दाद दिली. गाडीने भिंतीला विचारले, 'मी सरळ आहे का?' आणि भिंतीने उत्तर दिले.

रोबो स्पर्धांतील ही अडचण केवळ शाळकरी मुलांची नाही. अमेरिकेतील एमआयटीत विद्यार्थ्यांची लेगो रोबो स्पर्धा घेतली जाई. तिच्यावर फ्रेड मार्टिन यांनी १९९४ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तेथील हुशार विद्यार्थीही सुरुवातीला रोबो सांगितले तसेच वागेल आणि त्याला सारे बरोबर कळेल असे धरून चालत, असे त्यांना दिसले. खऱ्या जगातला गोंधळ धरून आखणी करणे त्यांना शिकावे लागले. म्हणजे हा धडा कठीण आहे. म्हणूनच तो स्पर्धेच्या धांदलीत आपोआप शिकला जाईल, अशी आशा धरता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

जागतिक स्पर्धेचे नियम आपल्या हातात नाहीत. तयारीचे नियम मात्र आहेत. आणि सुरुवात तर रोबोशिवायही करता येते. रोबोचा संच घेणे अनेक शाळांना परवडत नाही, त्यांनी हा खेळ जरूर करून पाहावा.

एका मुलाचे डोळे बांधा. वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत जाण्याच्या सूचना इतरांनी कागदावर लिहायच्या : आठ पावले पुढे, डावीकडे काटकोनात वळ, पाच पावले पुढे. मुलगा जेथे थांबेल तेथे खडूने खूण करा. हे दहा वेळा करा. दहा खुणा एका ठिकाणी येत नाहीत. त्यांचा फैलाव मोजा. मग एकच सवलत द्या : चालताना एक हात भिंतीला लावायला परवानगी. पुन्हा दहा खुणा करा. दोन फैलावांची तुलना मुलांनाच करू द्या. फीडबॅक हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालेल.

ज्यांच्याकडे रोबो आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक प्रोग्रॅम दहा वेळा चालवून दहापैकी किती वेळा जमला हे वहीत लिहायला लावा. 'एकदा जमला' याला जमला म्हणू नका. दोन, सरावात मुलांच्या नकळत वस्तू दोन बोटे सरकवा, चटईखाली कागद घाला, खिडकी उघडा. मुले चिडतील, मग कामाला लागतील. तीन, प्रोग्रॅमला स्वतः हात लावू नका. स्पर्धा जवळ आली की हा मोह फार होतो. त्याऐवजी प्रश्न विचारा : आपण कुठे आहोत हे रोबोला कसे कळते? तो चुकला तर त्याला केव्हा कळेल? कळल्यावर तो काय करील? या प्रश्नांना 'त्याला नाही कळत' हे उत्तर आले तर ते प्रामाणिक उत्तर आहे. काम तिथून सुरू होते.

'माइंडस्टॉर्म्स' हे लेगोच्या १९९८ मधल्या रोबो संचाचे नाव सेमूर पेपर्ट यांच्या १९८० मधल्या पुस्तकावरून घेतलेले होते. २०२२ च्या अखेरीस कंपनीने ती मालिका बंद केली. संच येतील आणि जातील. पण प्रोग्रॅममधली चूक ही लाज वाटण्याची गोष्ट नसून शोधून दुरुस्त करण्याची गोष्ट आहे, हा पेपर्ट यांचा मूळ विचार शिळा झालेला नाही. फेरे घोकणाऱ्या रोबोत दुरुस्ती फक्त मुलेच करू शकतात, तीही खेळ संपल्यावर. पाहणाऱ्या रोबोत मुलांनी दुरुस्तीची समजच प्रोग्रॅममध्ये घातलेली असते.

त्या दिवशी नियमाप्रमाणे त्या पेटीचे गुण मी देऊ शकले नाही. निघताना त्या मुलीला एवढेच सांगितले, की काढून ठेवलेला सेन्सर पुन्हा बसव आणि जुना प्रोग्रॅम पुसला नसेल तर तो वेगवान कसा करता येईल ते पाहा. "पुसला नाही, मॅडम," ती म्हणाली, "ठेवलाय." त्या प्रोग्रॅमसाठी माझ्या गुणपत्रिकेत रकाना नव्हता. पुढच्या स्पर्धेची तयारी करताना तो रकाना शिक्षकांनी आपल्या वहीत आखून घ्यावा, एवढीच विनंती.